आंबोलीचे धबधबे आणि मालवणची पोवळी

आषाढ लागला म्हणजे काळेवाडीहून पिंपरीकडे जाणाऱ्या पुलावर क्षणभर थांबून पवनेकडे पाहणारी माणसे पुष्कळ दिसतात. उन्हाळ्यात संथ पडून राहिलेली नदी त्या दिवसांत दोन्ही थड्या भरून वाहू लागते आणि तिच्या पाण्याला दुधाळ चहाचा रंग चढतो. हा रंग पाण्याचा नव्हे, मातीचा होय. सह्याद्रीच्या माथ्यापासून वाटेतील शेते, टेकड्या आणि उकरलेल्या जमिनी यांवरून गोळा केलेली ही माती दापोडीजवळ मुळेच्या स्वाधीन होते आणि पुढे भीमा व कृष्णा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे निघते. परंतु ज्या डोंगराच्या पूर्व अंगास पवना उगम पावते, त्याच डोंगराच्या पश्चिम अंगास पडलेला पाऊस मात्र काही तासांतच अरबी समुद्र गाठतो. घाटमाथ्याची धार म्हणजे जणू दोन भावांच्या शेतांमधला बांध. अलीकडचा थेंब एका समुद्राचा, पलीकडचा दुसऱ्याचा. या पलीकडच्या पाण्याची हकीकत समजून घेण्यासारखी आहे. कारण तिच्या एका टोकाला धबधबे आहेत आणि दुसऱ्या टोकाला समुद्रातील पोवळी.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून काम करणाऱ्या कुटुंबांना तीन-चार दिवसांची सुटी लागून मिळाली की त्यांतील कित्येकांचा ओढा दक्षिण कोकणाकडे असतो. आंबोलीचे धबधबे पाहावेत, तेथून खाली उतरून मालवणास जावे आणि नळीने श्वास घेत पाण्यावर पडून समुद्रतळाची पोवळी पाहावीत, असा बेत आखला जातो. या जलविहारास स्नॉर्केलिंग म्हणतात. बेत उत्तम, परंतु तो पुष्कळदा अर्धाच तडीस जातो. जुलैत गेलेल्या मंडळींना धबधबे पोटभर पाहावयास मिळतात, पण समुद्रात होड्या सुटत नाहीत. मे महिन्यात गेलेल्यांना समुद्र दिसतो, पण धबधब्याच्या जागी काळा कोरडा कातळ. मग दोष नशिबाला दिला जातो. वस्तुतः यात नशिबाचा काही संबंध नाही. धबधबा ज्या काळात भरात असतो त्या काळात पोवळी दृष्टीस पडणे शक्यच नसते, आणि याचे कारण एकदा ध्यानी आले म्हणजे सहलीचा बेत तर नीट आखता येतोच, शिवाय त्या पोवळ्यांचे भवितव्य कशावर अवलंबून आहे हेही उमगते.

पुण्याहून कोल्हापूर मागे टाकून संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा या वाटेने आंबोलीस जाता येते. अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला वसलेले आहे. पुण्याच्या पट्ट्यात वर्षाकाठी सरासरी सातशे-साडेसातशे मिलीमीटर पाऊस पडतो. आंबोलीस तो सात हजार मिलीमीटरांच्या घरात जातो. हे सगळे पाणी वाहून न जाता जागच्या जागी साचून राहिले, तर दुमजली घर बुडेल. इतका पाऊस तेथेच का, याचे उत्तर सोपे आहे. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा बाष्पाने लादलेला असतो. किनाऱ्यापासून थोडक्याच अंतरावर सह्याद्रीची भिंत त्याला आडवी येते आणि वर चढण्यावाचून त्यास गत्यंतर उरत नाही. वातावरणात वर जावे तसे दर किलोमीटरास तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. थंड हवेला पूर्वीइतके बाष्प धरून ठेवता येत नाही. ते ढग होऊन तेथेच रिते होते. भिंत ओलांडून वारा देशावर उतरतो तेव्हा त्याची पखाल जवळजवळ रिकामी झालेली असते.

इतके पाणी आणि पश्चिमेस तुटलेला कडा. धबधब्यांना आणखी काय पाहिजे? सावंतवाडीकडे उतरणाऱ्या घाटातील मोठा धबधबा तर रस्त्याच्या कडेसच कोसळतो आणि त्याच्याजवळ चढून जाण्यास पायऱ्याही आहेत. गेळे गावाजवळील कावळेसाद येथे निराळाच चमत्कार दिसतो. दरीतून वर येणारा वारा इतका जोरदार असतो की कड्यावरून खाली पडणारे पाणी तुषार होऊन उलटे वर फेकले जाते आणि काठावर उभा असलेला मनुष्य खालून आलेल्या पावसात भिजतो. याच गावाच्या परिसरात हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. ती मात्र पवनेप्रमाणेच पूर्वेकडे जाणारी. उगमस्थानच्या कुंडात आढळलेल्या एका लहान माशास २०२० साली शास्त्रज्ञांनी ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव दिले आणि पुढील वर्षी राज्य सरकारने त्या स्थळास जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. एकाच गावात एक पाणी पूर्वसमुद्राच्या वाटेस लागते आणि दुसरे पश्चिमसमुद्राच्या, हे दृश्य भूगोलाच्या पुस्तकातील नकाशापेक्षा अधिक काही शिकवून जाते.

मात्र धबधब्याशी सलगी करताना भान सोडू नये. वर डोंगरात मोठी सर आली म्हणजे खाली ऊन असतानाही प्रवाह काही मिनिटांत वाढतो. धारेबरोबर दगड येतात. म्हणून तिच्या अगदी खाली डोके धरून उभे राहणे धोक्याचे. खडकावरचे शेवाळ साबणाहून निसरडे असते आणि कड्याच्या टोकाशी वाऱ्याचा झोत अचानक दिशा बदलतो. कठड्याच्या आत राहून जे दिसते तेवढे पुरेसे मानावे.

आता हे पाणी खाली उतरते. आंबोलीचाच थेंब मालवणास पोहोचतो असे नव्हे. परंतु त्याच सह्याद्रीच्या उतारावर पडलेला पाऊस घेऊन कर्ली नदी मालवणच्या दक्षिणेस देवबागजवळ समुद्रास मिळते आणि उत्तरेस गड नदी कालावलच्या खाडीतून येते. पावसाळ्यात या नद्या दोन वस्तू समुद्रात ओततात. एक गोडे पाणी आणि दुसरी माती. त्यातच खवळलेला समुद्र आपल्या तळची वाळू ढवळून काढतो. त्या दिवसांत मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर पाण्याला तोच पवनेचा रंग दिसतो. होड्या ओढून ठेवलेल्या, किल्ल्याची वाहतूक बंद, आणि पाण्यात हात घातला तर पंजाही दिसू नये अशी स्थिती. पोवळी तेव्हाही तेथेच असतात; फक्त पडदा पडलेला असतो.

पण पोवळे म्हणजे काय? सराफाच्या दुकानात अंगठीत बसविलेले लाल पोवळे अनेकांनी पाहिलेले असते. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातील एका निराळ्या जातीचे. मालवणची पोवळी त्या कुळाची नव्हेत. ती दगडी पोवळी, म्हणजेच खडक बांधणारे प्रवाळ. पाहणाऱ्यास तो दगड वाटतो आणि कोणास वनस्पती वाटते. आहे मात्र तो प्राणी. जेलीफिश आणि समुद्रफूल हे त्याचे आप्त. एकेक जीव काही मिलीमीटरांचा. एक तोंड, त्याभोवती बारीक मिशांचे वलय आणि खाली त्याने स्वतःच पाण्यातील चुना घेऊन बांधलेली वाटी. असे हजारो जीव एकमेकांस चिकटून राहतात. जुन्या वाटीवर नवी वाटी चढते आणि वसाहत वाढत जाते. वर कातडीइतका जिवंत थर आणि आत सगळा चुनखडक, अशी तिची रचना असते.

या जीवाच्या अंगात एक भाडेकरू राहतो. तो म्हणजे डोळ्यांस न दिसणारे एकपेशीय शैवाल. घर आणि खत पोवळ्याने द्यावे. सूर्यप्रकाशाच्या बळावर अन्न शैवालाने तयार करावे आणि त्यातील मोठा वाटा घरमालकास भाडे म्हणून द्यावा, असा हा करार आहे. पोवळ्याचा पिवळट, तपकिरी, हिरवट रंग बहुतेक या भाडेकऱ्याचाच. पोवळ्याच्या गरजा या करारातून ठरतात. प्रकाश पाहिजे, म्हणून पाणी उथळ व स्वच्छ पाहिजे. पाणी उबदार पाहिजे, पण फार उष्ण चालत नाही. ते खारट पाहिजे, कारण फार गोडे पाणी मिसळले तर जीव टिकत नाही. बसावयास पक्का खडक पाहिजे आणि अंगावर गाळ साचता कामा नये. गाळ बसला तर प्रकाश अडतो, तोंडे बुजतात आणि तो झाडून टाकण्यातच प्राण्याची शक्ती संपते. याचमुळे जगात जेथे जेथे प्रवाळांच्या भिंती आहेत तेथे नदीच्या मुखासमोर बहुधा खिंडार आढळते, आणि गंगेच्या प्रचंड मुखाशी तर प्रवाळांच्या भिंतीचे नावही नाही. धबधबा आणि पोवळे यांचे असे वैर आहे. एकाची शोभा ज्या लोंढ्यात, दुसऱ्याचा नाश त्याच लोंढ्यात.

असे असूनही मालवणास पोवळी टिकून आहेत. पोरायटिस, फेव्हाइट्स, टर्बिनारिया अशी त्यांतील काहींची शास्त्रीय नावे. काही गोट्यासारखी गोल, काही खडकावर पसरलेल्या थरासारखी, तर काही परातीसारखी चपटी. या जाती गढूळपणा बऱ्यापैकी सोसणाऱ्या आहेत. पावसाळ्याचे चार महिने कसेबसे काढावे आणि उरलेल्या आठ महिन्यांत सावरावे, असा त्यांचा क्रम. शिवछत्रपतींनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधला. त्याच्या आसपासच्या बुडालेल्या खडकांवर ही वस्ती आहे. १९८७ साली या भागास सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. तथापि लक्षद्वीपचे किंवा अंदमानचे चित्र मनात धरून येणाऱ्याने हे आधीच जाणावे की येथे प्रवाळांची सलग भिंत नाही. खडकाखडकांवर तुटक तुटक वसाहती आहेत. मोठा प्रवाळप्रदेश पाहावयाचा तर तो विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, पाण्याखाली वीस मीटरांच्या आसपास पसरलेला आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. तेथे नळी लावून तरंगणाऱ्याचे काम नाही. मालवणचे महत्त्व हे की सामान्य गृहस्थास, त्याच्या मुलांस, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच हा जीव प्रत्यक्ष पाहता येतो.

तो पाहण्याची साधने दोनच. काच आणि नळी. दोन्हींमागील तत्त्व घरबसल्या तपासून पाहता येते. वाटीत नाणे ठेवून ते कडेआड दिसेनासे होईल इतके मागे सरकावे आणि दुसऱ्याने वाटीत पाणी ओतावे. नाणे पुन्हा दिसू लागते. प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना वाकतो, हे त्याचे कारण. आपल्या डोळ्यातही किरण मुख्यतः हवा व बुबुळावरील पारदर्शक पडदा यांच्या सीमेवर वाकतात आणि त्यामुळे चित्र स्पष्ट उमटते. डोळ्यास पाणी लागले की ही सीमा नाहीशी होते, म्हणून पाण्यात उघडलेल्या डोळ्यास सगळे धूसर दिसते. काचेच्या मुखवट्याने डोळ्यापुढे हवेचा थर परत मिळतो. मात्र पाणी, काच, हवा असा प्रवास करताना किरण वाकतातच. त्यामुळे मासा असतो त्याच्या पाऊणपट अंतरावर आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठा भासतो. हात लांबवून तो लागत नाही म्हणून नवख्याने चकित होऊ नये.

नळी साधारण हातभरापेक्षाही आखूड असते. ती लांब केली तर अधिक खोल जाता येईल, असे मुलांस हटकून वाटते. हिशेब करून पाहावा. पाण्याची एक मीटर उंची दर चौरस सेंटीमीटरास शंभर ग्रॅम भार टाकते. छातीचा पुढचा भाग हजार चौरस सेंटीमीटर धरला, तर एक मीटर खोलीवर तिच्यावर शंभर किलोंचा भार येतो. आणि नळीतून येणारी हवा तर पृष्ठभागावरील साध्या दाबाची. इतका भार उचलून छाती फुगविणे माणसाच्या शक्तीबाहेरचे आहे. शिवाय लांब नळीत आपण सोडलेली अशुद्ध हवाच पुन्हा आत ओढली जाते. म्हणून पृष्ठभागावर पालथे तरंगावे, तोंडाने सावकाश व दीर्घ श्वास घ्यावा, हाच या विद्येचा सारांश. निघण्यापूर्वी घरी बादलीत तोंड बुडवून नळीने श्वास घेण्याचा सराव केला, तर समुद्रातील पहिली घाबरगुंडी बरीचशी टळते. ज्यास पोहता येत नाही त्याने, आणि खरे म्हणजे येते त्यानेही, तरंगते जाकीट घालावे; वाटाड्याची दोरी सोडू नये; हृदयाचा वा दम्याचा विकार असल्यास आधी वैद्याचा सल्ला घ्यावा.

पाण्यात उतरल्यावर सर्वांत मोठा मोह होतो तो पाय टेकण्याचा. मनुष्य दमतो, खाली घट्ट गोटा दिसतो आणि तो त्यावर उभा राहतो. त्या गोट्याचे वय काढावे. गोल वाढणारे पोवळे वर्षाला बहुधा एक सेंटीमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी वाढते. म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंत पंचवीस सेंटीमीटर असलेला, टोपलीएवढा गोटा निदान पंचवीस वर्षांचा असतो. कारखान्यात नोकरीस लागलेल्या तरुणाचे केस पांढरे होईपर्यंत जे वाढले, ते रबरी चपलेच्या एका दाबाने खरवडले जाते. आणि वरचा जिवंत थर गेला की उरतो तो नुसता चुना. होडीच्या नांगराचेही तसेच. म्हणून होडी कोठे नांगरली जाते हे प्रवाशाने विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर अकराव्यास सांगावे लागत नाही. काही ठिकाणी मासे जवळ यावेत म्हणून पाव चुरून टाकतात. चित्र छान येते, पण खडकावरचे शेवाळ खाऊन पोवळ्याची जागा साफ ठेवणारे मासे त्या पावाच्या नादी लागतात. पोवळ्याचा तुकडा स्मरण म्हणून उचलणे हा तर गुन्हाच आहे. २००१ पासून खडक बांधणारे सर्व प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत आहेत.

तरीही पर्यटकाचा पाय हा एकमेव शत्रू नव्हे. समुद्राचे पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने अधिक तापले आणि ते तसेच काही आठवडे राहिले, तर पोवळे आपल्या भाडेकऱ्यास बाहेर काढते. रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो आणि उपासमार सुरू होते. पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते. न निवल्यास वसाहत मरते. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळांत जगभर अशी आपत्ती आली, आणि चौथ्या जागतिक आपत्तीची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये झाली. हे तापणे एका गावाच्या हातातील नाही. परंतु आधीच गाळाने बेजार झालेले पोवळे उष्णतेचा घाव सोसू शकत नाही, जसे कुपोषित मूल साध्या तापानेही खचते. आणि गाळ मात्र माणसाच्या हातातील आहे.

येथे पुन्हा डोंगर आठवावा लागतो. दाट रानावर पडलेला पाऊस पानांवर, पाचोळ्यावर, मुळांवर अडखळत जमिनीत मुरतो आणि झऱ्याच्या रूपाने हळूहळू बाहेर येतो. आंबोलीच्या रानातील ओढे पावसाची उघडीप झाली की लवकर निवळतात, आणि धारा दसऱ्यानंतरही काही काळ वाहत राहतात, त्या यामुळेच. उलट झाडे तोडलेल्या, खाणीसाठी खणलेल्या किंवा रस्त्यासाठी उभ्या कापलेल्या उतारावरून तोच पाऊस माती घेऊन एका झपाट्यात समुद्राकडे धावतो. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ साली आपला अहवाल दिला, तेव्हा रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा विचार तिच्याकडे विशेषेकरून सोपविलेला होता. त्या अहवालावर वाद पुष्कळ झाले. पण डोंगरावरची माती डोंगरावरच राहिली पाहिजे, एवढ्या गोष्टीत मालवणच्या पोवळ्यांचा आणि तेथील मासेमाराच्या जाळ्याचा स्वार्थ गुंतलेला आहे, याविषयी वाद होण्याचे कारण नाही.

आता बेताविषयी. दोन्ही दृश्ये भरात असतील असा दिवस वर्षात उगवत नाही. धबधबाच पाहावयाचा तर श्रावण-भाद्रपदात आंबोलीस जावे आणि समुद्रास किनाऱ्यावरूनच नमस्कार करावा. पोवळीच पाहावयाची तर मार्गशीर्षापासून माघापर्यंत मालवणास जावे. सकाळी, वारा सुटण्यापूर्वी, पाणी आरशासारखे असते. दोहोंचा मेळ घालावयाचाच असेल तर कोजागरीपासून दिवाळीपर्यंतचे दिवस बरे. धबधब्याची धार बारीक झालेली पण जिवंत असते, आणि समुद्र निवळू लागलेला असतो. त्यात थोडे कमी दिसेल. परंतु ज्याने आंबोलीच्या कड्यावर स्वच्छ पाणी पाहिले आणि दुसऱ्या दिवशी मालवणच्या तळाशी पंचवीस वर्षांचा एक गोटा शाबूत पाहिला, त्यास पुढल्या आषाढात काळेवाडीच्या पुलावरून जाताना पवनेचे लाल पाणी निराळे दिसेल. नदी भरली, एवढ्यावर तो थांबणार नाही. ही माती कोणत्या डोंगराची, आणि ती तेथून का सुटली, असे तो विचारील.